राहिलं काय?

म्हाताऱ्या सुताराला एक खोड होती. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. तिथे कुठलीही वस्तू तयार झाली, की तो तिच्यावरून हात फिरवायचा आणि विचारायचा, "हे झालं. मग राहिलं काय?" म्हणजे, हे करताना दुसरं कोणतं काम मागे पडलं? टेबल केलं, तर त्या दिवसांत कपाट करायचं राहिलं; माणसाला हात दोनच. मुलगाही सुतारच. त्याचे मात्र हे ऐकून ऐकून कान किटले होते. "बाबा, झालेल्याचं कौतुक करा की कधी," तो म्हणायचा.

मग म्हाताऱ्याच्या पाठीने दगा दिला. साध्या खुर्चीत टेकता येईना. उतरती पाठ असलेली खुर्ची मिळाली, तर खिडकीशी बसून रस्ता बघेन, एवढंच त्याचं मागणं. मुलाने चांगल्या मुरलेल्या फळ्या निवडून भिंतीशी उभ्या केल्या. "लाकूड घरचं, हात घरचे, फुकटात होईल. सवड मिळाली की करतो."

इथेच घोडं पेंड खातं. घरचे हात फुकट समजणारा माणूस घरच्यांनाच रांगेत शेवटी उभं करतो. शाळेच्या बाकांचं काम आलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आधी बाबांची खुर्ची करा ना."

"अगं, ती काय पळून जातेय?"

बाकांना लाकूड कमी पडलं, तेव्हा भिंतीशी उभ्या केलेल्या फळ्याही गेल्या.

शेवटचा बाक त्याने दाखवायला म्हाताऱ्याच्या खाटेशी नेऊन ठेवला. म्हाताऱ्याने पडल्या पडल्या त्यावरून हात फिरवला. फळ्या त्याने ओळखल्या असणारच. "गुळगुळीत झालाय," एवढं म्हणून त्याने डोळे मिटले. पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नाही. मुलाला हायसं वाटलं.

त्याच महिन्यात म्हातारा गेला. दुकान बंद राहिलं. आता सवडच सवड होती. मुलाने नव्या फळ्या आणल्या, खुर्ची केली आणि खिडकीशी ठेवली. तिच्या उतरत्या पाठीवरून हात फिरवत तो त्या प्रश्नाची वाट बघितल्यासारखा उभा राहिला.

बायको दारात आली. "सुरेख झालीय हो," ती म्हणाली.

आयुष्यभर त्याला कौतुकच हवं होतं. ते कानावर पडलं, तसा तो मटकन खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर.