सज्ज्याखालचा पोकळ खांब

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, पण आत्तासुद्धा – इतक्या वर्षांनी – आधी दार लावून घेतलंय.

सांगलीच्या मुख्य पेठेत माझं कापडाचं दुकान होतं, भाड्याच्या जागेत. इमारत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, एका हळदीच्या व्यापाऱ्यानं बांधलेली. दगडी भिंती, कमानीच्या खिडक्या, रस्त्यावर आलेला लांबलचक लाकडी सज्जा आणि त्याखाली ओतीव लोखंडाचे चार खांब. खाली दुकानं, वर शिंप्यांची बिऱ्हाडं. मालक पुण्याला असायचे. मला त्या इमारतीचा अभिमान होता – हसू नका, खरंच होता.

मग टेरिलिनचे दिवस आले. समोरच्या दुकानदारानं काचेचं शोकेस केलं. मलाही ते हवंच होतं, आणि नेमका एक खांब आडवा येत होता. सुतार म्हणाला, "आण्णा, ह्यो काडू नगा. वरचा समदा भार ह्येच्यावर हाय." मी ऐकलं का? काढायला लावला. मालक आलेच तर चार खांब दिसावेत म्हणून शोकेसच्या कडेला फळ्यांचा पोकळ खांब उभा करून घेतला, बाकीच्यांसारखाच हिरवा रंग देऊन. तो सुतार पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.

त्यानंतर वर कुणी धुणं वाळत घालायला आलं, तरी मला करकर ऐकू यायची. कापड फाडताना हात थांबायचा. खांब परत का नाही बसवला? मालकांना सांगावं लागलं असतं, दुकान गेलं असतं. म्हणून रोज भीत राहिलो.

आणि गणपती विसर्जनाची मिरवणूक! कुंडल गावाहून येणारी माझी गिऱ्हाइकं पोराबाळांसकट सज्ज्यावर उभी राहायची. आमंत्रण माझंच – दरवर्षीचा रिवाज, मोडला तर लोक कारण विचारतील. माझी मुलं मात्र मी खाली दुकानात बसवायचो. उंचीवर त्यांना चक्कर येते, असं सांगायचो.

एका वर्षी वर पाहतो तर माझी मुलगी मंदा कठड्याला टेकलेली. "मंदा, खाली ये." शेजारी शिंप्याची बायको, कडेवर तान्हं मूल. म्हणाली, "आवं दादा, ऱ्हाऊ द्या की पोरीला. आमी हाय न्हवं." मी पुन्हा ओरडलो. मंदा रडत खाली आली.

तिचा हात धरून मी रस्ता ओलांडला, पलीकडच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. ढोल जवळ आले, तशी वरची सगळी माणसं कठड्यावर वाकली. सज्जा पडला नाही – त्या दिवशी नाही, पुढेही नाही. पण तेव्हा मला ते कुठं माहीत होतं? मला वाटत होतं, आता पडणार. आणि मी वरच्या एकालाही हाक मारली नाही.