पांढऱ्यावर पांढरी गावं

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये दुसरा जन्मला नाही. आणि अशा माणसानं दौंडात दुकान थाटून धंदा कुठला निवडावा, तर छोट्या कारखानदारांच्या वेबसाइटी बनवून त्या सर्च इंजिनच्या पहिल्या पानावर आणायचा! सर्च इंजिनचं नाव ते तोंडानं घेत नसत, ‘वरचे’ म्हणत. कंप्युटरपुढे चप्पल काढून बसत. एकाच दिवशी आपलं गिऱ्हाईक दोनदा शोधलं तर वरच्यांना संशय येईल, म्हणून दुसऱ्यांदा शोधायला दोन तास एसटीत बसून शिरूरला माझ्या घरी येत. “पाव्हणं, तुमच्यावरनं बघा. माझ्यावर नजर हाय त्यांची.”

कारेगावला एक आप्पा होते, मूळचे इनामगावचे. कंपन्यांचा माल ज्यावर ठेवून पाठवतात त्या लाकडी पॅलेट बनवायचे. एका मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्यानं त्यांना सांगितलं, “नेटवर तुमचं पान बघतो, मग वर्षाची ऑर्डर पक्की करू.” आप्पांच्या सहा सुतारांचं वर्ष त्या ऑर्डरवर होतं. साडूंनी पान बनवलं, ते पहिल्या नंबरावर चढलं, आणि एका सकाळी गायब झालं. दुसऱ्या पानावर नाही, तिसाव्यावर नाही, धरणीनं गिळल्यासारखं.

साडू माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे दात माझ्या बायकोला स्वयंपाकघरात ऐकू येत होते. पानाच्या तळाशी त्यांनी शिरूर आणि दौंड तालुक्यातलं एकूण एक गाव लिहून ठेवलं होतं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसणार नाही, वरच्यांना मात्र वाचता येईल आणि कुठल्याही गावाचं नाव घालून शोधलं तरी पान वर येईल. वरच्यांनी वाचलं, लबाडी ओळखली आणि पान हाकलून दिलं.

“अहो, पण सगळी गावं कशाला?”

“लग्नपत्रिकेत एक नाव सुटलं तर भावकी जलमभर बोलत न्हाई, पाव्हणं. मग गाव कसं सोडू?”

मी त्यांना धरून कारेगावला नेलं. पत्र्याच्या ऑफिसात त्यांनी माऊस ओढला, तशी लपलेली गावं निळ्या पट्ट्यात वर आली. आप्पा चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले. “आयला, माझं इनामगाव बी हाय की! लपवलं कशापायी?”

“आप्पा, शिव्या द्या, पन हळू द्या.”

“पूस सगळी. कुनी रुसलं तर धाड माझ्याकडं.”

साडू एकेका गावाची मनातल्या मनात माफी मागत पुसत गेले. मांडवगण फराटा आलं आणि बोट थबकलं. ती आम्हा दोघांची सासुरवाडी. ते बटण शेवटी मला दाबावं लागलं. मग त्यांनी वरच्यांना माफीचा अर्ज लिहिला, ‘पुन्हा असा गुन्हा घडणार नाही’ असा. त्यावर तहसीलचा शिक्का मारून आणायला निघाले होते, कसेबसे अडवले.

पाच आठवडे उत्तर नाही. साडूंनी वाळलेल्या कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडली ती सुताराकडच्या गिरमिटानं. सहाव्या आठवड्यात पान परतलं. पण त्याआधीच कंपनीच्या गेटवर भलत्याच माणसाच्या पॅलेट उतरताना मी पाहिल्या होत्या. आप्पांना विचारलं तर ते रंधा थांबवून म्हणाले, “गेली ऑर्डर. चार सुतार ठेवले, दोघांना दुसरीकडं चिकटवलं. तुमच्या साडूला मातुर बोलू नका. भेदरून मरंल.”

संध्याकाळी साडूंनी माझ्या घरून आप्पांना फोन लावला, स्पीकरवर, कारण एकट्यानं ऐकायचं धाडस नव्हतं. “आप्पा... ऑर्डर?”

“आली की! पान लई आवडलं म्हनं त्या परचेसवाल्याला.”

साडू माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेले, ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी उठले.

आप्पा आता नाहीत. साडू अजूनही प्रत्येक लग्नकार्यात पाहुण्यांना सांगतात, की माझ्या एका पानानं एका माणसाचं वर्ष उभं राहिलं. आणि साक्षीला माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो.