सुरेखाच्या तोंडी घातलेलं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबर खेळलेल्या मित्रांनाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. पण आता सुरुवात केलीच आहे.

मी रग्बीतला माणूस. महाडमध्ये हे सांगितलं की लोक अजून विचारतात, म्हणजे नक्की काय? मुंबईला कॉलेजात असताना खेळायला लागलो. विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, पळायचो, बरा पळायचो. मग खांदा निखळला, पुन्हा पुन्हा निखळू लागला, आणि मी घरी परतलो. पोलादपूरकडे भातकापणी झालेल्या शेतांत पोरींना शिकवू लागलो. पहिल्या दिवशी तो लांबट चेंडू बघून त्या हसल्या होत्या — सर, हा कुणी चेपला?

आज मी जिल्हा संघटनेचा सचिव आहे. नव्या प्रशिक्षकांची शिबिरं घेतो. डोक्याला मार बसला की खेळाडूला बाहेर काढा, नुसती शंका आली तरी काढा — हे मीच शिकवतो. शिकवताना मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. कुणाच्या लक्षात येत असेल का?

सुरेखा कापडे गावची. माझी सगळ्यात चांगली खेळाडू, आणि — नाही, सरळच सांगतो.

परराज्यातली स्पर्धा होती, उपांत्य सामना. सुरेखानं समोरच्या मुलीला अडवलं आणि तिचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. ती उठली, पण भलतीकडेच तोंड करून उभी राहिली. डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि सुरेखाचं मोडकंतोडकं हिंदी त्या धक्क्यात कुठल्या कुठे गेलं होतं. म्हणून मी दुभाषा. हे मैदान कुठलं, शेवटचे गुण कुणी केले, असं त्यांनी विचारलं. मी ते मराठीत विचारलं. सुरेखा माझ्याकडे बघून म्हणाली, "आये, भाताचे भारे भिजतील गो. चल ना."

मी डॉक्टरबाईंकडे वळलो आणि हिंदीत सांगितलं — मैदानाचं नाव बरोबर सांगतेय, शेवटचे गुण आमचेच म्हणतेय, आणि मला खेळू द्या म्हणतेय.

घाबरलो होतो का? हो, पण तिच्यासाठी नाही. तो सामना जिंकला तर संघटनेत मला जागा मिळणार होती. हातातोंडाशी आलेलं जाईल, एवढीच भीती होती. ती परत आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा पडली, आणि या वेळी उठली नाही. सामना आम्ही जिंकलो.

तिला महाडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिच्या आईला मी सांगितलं, मी नको म्हणत होतो, तिनंच हट्ट धरला. आई उलट मलाच धीर देऊ लागली. "पोर हट्टीच हाय, सर. तुमचा काय दोष नाय."

सुरेखा वाचली. पण तिला ऊन सोसत नाही. वाचायला बसली की डोकं ठणकतं, म्हणून कॉलेज सुटलं. बोलता बोलता शब्द सापडेनासा होतो, मग ती ओशाळून हसते. त्या दुपारचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. तरी कापड्याहून फोन आला की माझ्या मनात पहिलं हेच येतं — आठवलं असेल का? आणि आठवलेलं नाही हे कळलं की मला बरं वाटतं. त्या बरं वाटण्याची मला शिसारी येते.

गेल्या महिन्यात ती मैदानावर आली. डोक्यावरून ओढणी पुढे ओढलेली, बरोबर धाकटी बहीण. हिलाही खेळायचंय, म्हणाली. घरचे तयार नव्हते, पण सर आहेत म्हटल्यावर आई हो म्हणाली. बहीण धावत पुढे गेली तशी सुरेखा हळूच मला म्हणाली, "सर, माझ्यासारखा हट्ट हिला करू देऊ नका."

"नाही करू देणार," मी म्हणालो.