स्टोअरच्या खिडकीतली टकटक

आधीच सांगून ठेवते — हे वाचून मला कोणी ताईत, अंगारा नाहीतर एखाद्या बाबाचा पत्ता पाठवू नये. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा आईनं देवांसोबत भुतंही घराबाहेर काढली. लेकरांची दृष्ट काढणंसुद्धा बंद! त्यात मी नर्स. माणूस कसा जातो ते रोज बघणारी. गेलेला कोणी परत आलेला मला तरी दिसला नाही. या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा म्हणते — हट्, काहीतरीच! पण मग माझ्या वाट्याला जे आलं ते कुठे ठेवू? रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी डोक्यातून जात नाही.

गोष्ट अकोल्याची, साठ सालानंतरची. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांची लेकरं-बाळं आहेत. औषधांचं स्टोअर व्हरांड्याच्या टोकाला होतं. व्हरांड्याकडून फक्त एक खिडकी — बाहेरून लोखंडी गज, आतून लाकडी झडप. दार मागच्या आवारात. तिकडे जायचं तर अख्ख्या इमारतीला वळसा.

स्टोअरकीपर एकच, गावंडेभाऊ. किल्लीही एकच, त्यांच्या करदोड्याला. आणि वॉर्ड चार, ऑपरेशन थिएटर वेगळं, सगळ्यांना औषध आत्ताच्या आत्ता पाहिजे! म्हणून गावंडेभाऊंनी एक शिस्त लावली होती. झडप बंद असली की बाहेरून खिडकी वाजवायची आणि वस्तूचं नाव मोठ्यानं सांगायचं. आतून ते बोलत नसत. "बोललो का गोळ्या मोजाच्या चुकतात जी, मंग पुन्ना पयल्यापासून!" — हे त्यांचं म्हणणं. ते झडपेवर नुसते वाजवत. एकदा वाजलं तर — हातात काम आहे, चिठ्ठी खिळ्याला लावा, थोड्या वेळानं पुन्हा या. दोनदा वाजलं तर — ती वस्तू नाही, उभ्या राहू नका, दुसरीकडे बघा. आणि काहीच वाजलं नाही, तर आत माणूसच नाही. नव्या पोरी आधी हसायच्या, मग त्यांनाही सवय व्हायची.

मला मात्र गावंडे हा माणूस पटत नव्हता. स्पष्टच लिहिते. गोड बोलणारा, नजर चुकवणारा. कुठेतरी पाणी मुरतंय असं सारखं वाटायचं.

उन्हाळा नुकता लागला होता. सकाळची ड्यूटी, ऊन चांगलंच वर आलेलं. इतक्यात माझी धाकटी बहीण शांता बाळापूरहून एस.टी.नं आली, कडेवर तिची बेबी. तीन वर्षांची पोर. मान सुजलेली, श्वासाचा घर्रघर्र आवाज. तोंड उघडून पाहिलं, तर घशात राखाडी पडदा. घटसर्प.

डॉक्टरांनी बघितलं. ते एका अडलेल्या बाईचं ऑपरेशन करायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "सिस्टर, सीरम आत्ता मिळाली तर पोरगी वाचेल. स्टोअरमध्ये असेल तर थांबा, मी लगेच येतो. नसेल तर एक क्षण घालवू नका, जीप काढा आणि अमरावती गाठा. तिथे असते."

मी पळत खिडकीशी गेले. झडप बंद. धाडकन वाजवलं. "गावंडेभाऊ! घटसर्पाची सीरम! अर्जंट!"

आतून टक. एकदाच.

म्हणजे आहेत. कामात आहेत. म्हणजे सीरमही असणार, नाहीतर दोनदा वाजवलं असतं. मी लाल शाईनं अर्जंट लिहिलेली चिठ्ठी खिळ्यावर सगळ्यांच्या वर टोचली आणि पोरीकडे धावले. शांता नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनते थो?"

"थांबा म्हनते."

"काऊन थांबाचं व अक्का? पोट्टीचा जीव चाल्ला ना माह्या!"

परत खिडकी. परत तेच — टक. तळपायाची आग मस्तकात गेली. "गावंडे! गोळ्या गेल्या चुलीत! लेकरू मरून राह्यलं अठी!" ओरडून घसा दुखला माझा. आतून टक. शांतपणे. चिडल्यासारखी नाही, घाईची नाही. जसं रोज वाजतं तसंच.

जीपचा ड्रायव्हर रहीमभाई व्हरांड्यात आला. "सिस्टर, गाडी चालू करून ठेवली. निघाचं का नाई, थे सांगा."

आता सांगा, काय करायचं होतं मी? अमरावती म्हणजे त्या रस्त्यानं अडीच-तीन तास. ट्रंक कॉल लावून विचारावं, तर तो लागेस्तोवर पोरगी हातची जायची. आणि इथे गजाआड, हाताच्या अंतरावर, सीरम असलेला माणूस थांब म्हणून सांगतोय! मागच्या दाराशी जाऊन बघावं हे कसं सुचलं नाही, असं मला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. अहो, आत माणूस वाजवतोय म्हटल्यावर मागं जाऊन कुलूप बघायचं कोणाला सुचेल? माझ्या डोक्यात वेगळाच संशय होता. हा बाबा सीरम बाहेर विकून बसलाय आणि आता आत बसून थापा रचतोय. म्हणून दोनदा वाजवायची हिंमत होत नाही त्याची. ठरवलं, एकदा शेवटचं विचारते, नाहीतर रहीमभाईला सांगून खिडकी पहारीनं उचकटते.

खिडकीवर दोन्ही हातांनी बडवलं. "आहे का नाही, एवढंच सांगा!"

टक.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "कोनाले हाका मारून राह्यल्या सिस्टर?"

वळून बघते तर गावंडे. अंगावर प्रवासाची धूळ, कपाळाला घाम, काखेत लाकडाच्या भुशात बांधलेला बर्फाचा डबा. त्यातून पाणी ठिबकत होतं.

मी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "आतमंदी कोनी नाई जी. म्या पायटेच्या पयल्या गाडीनं अमरावतीले गेलतो." आणि एकदम रडायलाच लागले. आदल्या रविवारी सीरम ठेवायच्या पेटीत बर्फ टाकायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. घटसर्पाची होती-नव्हती ती सीरम गरमीनं खराब झाली. नोकरी जाईल म्हणून कोणाला न सांगता, रजा न टाकता, तिथल्या ओळखीच्या स्टोअरकीपरकडून उसनी आणायला गेले होते. "दोनच बाटल्या उरल्या होत्या त्याच्यापाशी. हातापाया पडून दोन्ही आनल्या."

तो डबा मी हिसकावूनच घेतला. डॉक्टर हात धुऊन आलेच होते. पोरीला सोसते का ते बघायला आधी कातडीखाली थोडी टोचून पाहिली, मग दोन्ही बाटल्या दिल्या. रात्रभर मी आणि शांता पोरीच्या छातीकडे बघत बसलो. सकाळी बेबीनं पाणी मागितलं. तेव्हा मी वॉर्डातच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. नर्सनं असं रडू नये म्हणतात. गेलं उडत!

रडणं झालं, मग डोकं चालू झालं. आम्ही निघालो असतो तर काय? मूर्तिजापूरच्या अलीकडेच कुठेतरी आमची जीप आणि गावंडेंची एस.टी. एकमेकींना ओलांडून गेल्या असत्या. अमरावतीची पेटी रिकामी, आणि बाटल्या अकोल्यात. आतून दोनदा वाजलं असतं तरी मी निघाले असते. काहीच वाजलं नसतं तरी निघालेच असते.

मी गावंडेंना धरलं. "खरं सांगा. गैरहजेरी लपवायला आत कोणाला बसवून गेले होते?" माझा संशय सरळ होता, आणि आजही मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या. शपथेवर विश्वास ठेवणारी मी नाही! पण डबा हिसकावून मी पळाले, तेव्हा रहीमभाई त्यांच्यासोबत मागच्या दाराशी गेला होता. बाहेरून कुलूप होतं. उघडलं तर आत चिटपाखरू नाही. झडपेची कडी आतून लावलेली. रहीमभाई सरळ माणूस, पण मी त्यालाही उलटसुलट विचारलं. वैतागला बिचारा. "सिस्टर, म्या काय चोर हाय का? तुमी ठोकत होत्या तवा टकटक म्या बी आयकली ना!"

मग उंदीर म्हटलं. उन्हानं लाकूड तडकतं म्हटलं. पुढे कितीतरी दिवस, गावंडे समोर उभे असताना, भर उन्हात रिकाम्या स्टोअरची खिडकी मी वाजवून बघितली. वस्तूंची नावं घेऊन ओरडले. पोरी म्हणायच्या, सिस्टरचं डोकं फिरलं. आतून कधीच काही वाजलं नाही.

शांतानं मात्र लगेच निकाल लावून टाकला. "कोनी का असे ना अक्का, थे चांगलंच होतं. माही बेबी वाचवली थ्यानं." मला एकदा ते खरंही वाटून गेलं. चांगलं वाटलं, लपवत नाही.

मग काही दिवसांनी अमरावतीची एक सिस्टर भेटली, माझ्यासोबत ट्रेनिंगला होती. बोलता बोलता तिनं सांगितलं. त्याच दिवशी सायंकाळी भातकुलीची एक बाई पोराला पाठुंगळी घेऊन त्यांच्या दवाखान्यात आली होती. घटसर्पच. पेटी उघडली तर रिकामी. नागपूरला न्यायला निघाले, पोरगं वाटेतच गेलं.

हे मी शांताला आजवर सांगितलेलं नाही. बेबीला आता तिची स्वतःची लेकरं आहेत, आणि शांता त्यांनाही हौसेनं ती टकटक सांगते — आत कोणीतरी चांगलं होतं म्हणून. असेल बाई, असेल. मला त्याचं काही स्पष्टीकरण देता येत नाही. पण मग भातकुलीच्या त्या बाईनं कोणाचं काय वाईट केलं होतं, तेवढं मला कोणीतरी सांगा.