पाठकोरे

लढाईच्या वर्षांत बेळगावात कागद आणि घासलेट दोन्ही मिळेनासं झालं, आणि मला एक खोड लागली. हातात आलेला कुठलाही कागद मी आधी उलटून बघायचो. मागची बाजू कोरी असली की तो माझा! मी एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. असले पाठकोरे कागद जमवायचे, प्रत्येकाच्या चार आडव्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर तारखा नि निरोप लिहायचे. काम सरलं की पट्ट्या घरी. बायको त्यांची सुरळी करून देवापुढच्या दिव्यावर पेटवी आणि त्याच सुरळीनं चूल लावी. तेवढीच एक काडी वाचे. या शहाणपणाचा मला भारी ताठा होता.

जवळच्या कंग्राळी गावच्या एक शेतकरीण आक्का अधूनमधून आमच्याकडे येत. त्यांचा मुलगा पलटणीबरोबर परमुलखात गेला, तिथून एकच पत्र आलं, पुढं काही नाही. घरात वाळवी, म्हणून ते पत्र त्यांनी माझ्या पेटीत ठेवायला दिलं होतं. आल्या की मी वाचून दाखवायचो. तेच ते ऐकून या बाईला मिळतं तरी काय, याचं मला मोठं कुतूहल होतं.

एका सकाळी त्या आल्या. "वाचा की ओ, अण्णा."

पेटीत पत्र नव्हतं. टेबलावर तारीख टिपलेली एक पट्टी पडली होती, ती सवयीनं उलटली. मागं 'तीर्थरूप आईस'. मागच्या खेपेला वाचून झाल्यावर ते टेबलावरच राहिलं असणार. पत्र एकाच बाजूनं लिहिलेलं होतं, आणि कात्री माझीच होती.

"दुपारी या," एवढं सांगून मी शोधाला लागलो. सांगायला लाज वाटते, पण त्या धावपळीतही थोडी गंमत वाटत होती. कागद हातातून सुटला की जातो कुठं? दुसरी पट्टी एका दाव्याच्या बाडात खूण म्हणून सापडली. तिसरी कचेरीतल्या शिपायानं फाटक्या पाकिटाला ठिगळ म्हणून लावली होती, ती चहाच्या वाफेवर सोडवली. चौथीसाठी घरी पळालो.

"चुलीत गेली की," बायको म्हणाली. "तुमीच आणलासा न्हवं?"

दुपारी आक्कांना तीन पट्ट्या वाचून दाखवल्या आणि शेवट मनानंच जुळवला. मी सुखरूप आहे, काळजी नसावी.

"असं न्हाय ओ ते." आक्कांनी डोळे मिटले. "काळी म्हस इकू नगंस. आल्यावर तिचंच दूध पिनार. हितं थंडी लई हाय, तुझी वाकळ आठवती."

इतक्यांदा वाचूनही मला यातली एकही ओळ आठवत नव्हती. मान खाली घालून मी सगळं कबूल केलं.

"मग लिवा आता," आक्का म्हणाल्या.

साहेबांच्या कपाटातून मी अख्खा नवा कागद काढला. त्या सांगत गेल्या, मी पहिल्यापासून लिहीत गेलो. खाली अर्धा कागद उरला. तो तसाच सोडला, पाठही कोरी सोडली, आणि घडी घालून पेटीत ठेवायला निघालो.

आक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हितं न्हाय ठिवत, अण्णा. वाळवी परवडली."