चिकूच्या खोलीतला आंबा

आमच्या बोर्डीला चिकू झाडावर पिकू देत नाहीत. उतरवायचा, धुवायचा आणि अंधाऱ्या खोलीत पोत्यांखाली झाकून ठेवायचा. कोणता पिकला ते मी वासावरून सांगते. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून हेच काम.

दिवाळीनंतर एका सकाळी त्या खोलीत मला आंब्याचा वास आला. या दिवसांत आंबा कुठला? कुणीतरी भलतंच फळ आणून ठेवलं असेल म्हणून मी सगळी पोती उचकटली. तळाशी खोडरबराएवढी गुलाबी डबी निघाली. अत्तर समजून नाकाशी धरली, तेवढ्यात नववीतली नात दारात आली. तिचा चेहरा उतरला.

"काय गं हे?"

"व्हेप. ओढायचं असतं. तंबाखू नाही त्यात आजी, नुसता फ्लेवर. फोनवर मुली नाचत ओढून दाखवतात."

"मग चिकूत का लपवलंस?"

"वासात वास मिसळेल असं वाटलं." मग म्हणाली, "तू मिशरी लावतेसच की."

"ती मला कुणी नाचून दाखवली नव्हती."

बोलले खरी, पण माझं मला ठाऊक. मिशरी सोडायचं कितीदा ठरवलं, सकाळ झाली की बोट डबीत जातंच. आणि ही पोर महिनाभर खोकत होती. नरपड गावी सायकलने जाताना वाटेत उतरून धापा टाकायची. आम्ही थंडी म्हणून काढा देत राहिलो.

फोन दाखव म्हटलं. तिच्याच वयाची दिसणारी मुलगी हसत नाचत धूर सोडत होती, खाली चवींची नावं, आंबा, कलिंगड, जांभूळ. मग चिप्सची जाहिरात, थंड पेयाची, पुन्हा धूर.

"यावर बंदी आहे आई," मागून येऊन बघणारा माझा मुलगा म्हणाला. "विकायलाही आणि जाहिरातीलाही."

"मग हे घरात कसं शिरलं?"

त्याने फोनकडे बोट दाखवलं. फेरीवाला असता तर मी अंगणातूनच हाकलला असता. बंदी घालायची तर ती या फोनपर्यंत पोचायला हवी, नाहीतर काय उपयोग?

आता रोज संध्याकाळी मी तिच्या तोंडाचा वास घेते. ती चिडते. "मी काय चिकू आहे?" म्हणते, पण तोंड पुढे करते.

काल मात्र तिने आपणहून फोन माझ्या हातात दिला. "तूच ठेव आजी. मी बघत नाही म्हटलं तरी तो दाखवतच राहतो."

तिलाही भीती वाटते, हे तेव्हा कळलं आणि माझी आणखी वाढली. फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवला. रात्रीच्या भाताला तांदूळ घ्यायला झाकण काढलं तर आत तो थरथरत होता.