साडेनऊ गाठी

धक्क्यावरच्या तपासणी कचेरीत त्यांना सगळे गाठकाका म्हणत. प्रवासी बोटींचा वेग मोजून परवान्यावर सही करणं हे त्यांचं काम. पद्धत बत्तीस वर्षांपासून एकच. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला बांधलेली फळी बोटीमागे पाण्यात टाकायची, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि अर्ध्या मिनिटात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं. जितक्या गाठी, तितका वेग. दहाच्या खाली परवाना नाही. गाठकाकांशी गाठ पडली की भलेभले बोटवाले नवस बोलत, आणि खरं सांगायचं तर काकांना ते आवडे.

त्या सकाळी मात्र बोट होती त्यांच्याच जावयाची. पठ्ठ्यानं चांगली नोकरी सोडून ती बांधली होती. परवाना हुकला तर लेकीच्या संसाराचं काय, हे काकांच्या मनातून जात नव्हतं. त्यात कचेरीतल्या नव्या इंजिनीअरबाई दोन यंत्रं घेऊन बोटीवर आल्या. एक तळाला लावायचं, पाण्यानं फिरणारं चिमुकलं चाक, आणि दुसरी उपग्रहावरून वेग सांगणारी डबी.

बोट सुटली. दोरी म्हणाली साडेदहा. डबी म्हणाली साडेदहा. चाक म्हणालं साडेनऊ.

"दोघींचं एकमत! चाकात शेवाळ अडकलं असणार," जावई टाळी वाजवून म्हणाला. बाईंनाही पटलं.

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण काकांची खोड जाते कुठे? ओहोटीचं पाणी बोटीला मागून ढकलत होतं. डबी मोजणार किनाऱ्याच्या हिशोबानं, म्हणजे तिच्या आकड्यात तो धक्काही आला. दोरी तर पाण्याच्याच हिशोबानं मोजते, तिच्यात तो धक्का येत नाही. मग दोघींचं जुळलंच कसं?

"बोट वळवा," काका म्हणाले.

परतीला पाणी समोरून आलं, तशी डबी साडेआठवर आली. चाक साडेनऊवरच. दोरी पुन्हा साडेदहा! डबीचे दोन आकडे मिळवून निम्मे केले, तर साडेनऊ. म्हणजे खोटं बोलत होती ती दोरी.

धक्क्यावर उतरून टेप लावली, तर दर दोन गाठींमधली चार-पाच फूट दोरी गायब. दोरी रोज रात्री घरीच असे, म्हणून काकांनी तिकडे फोन लावला.

"अहो, मासळीचा वास यायचा तिला," काकू म्हणाल्या. "काल उकळत्या पाण्यात साबण घालून चांगली धुतली. का, अजून येतोय?"

सुती दोरी आटली होती, म्हणून गाठी जास्त सरकत होत्या. बाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी अर्जावर साडेनऊ लिहिलं, 'नामंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

जावयानं अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाला, "बाबा, तळ खरवडून रंग दिला तर अर्धी गाठ वाढेल?"

"वाढेलही. पुढच्या वेळी बाई मोजतील. मी नको."

"छे! तुम्हीच मोजायचं," जावई म्हणाला. "सख्ख्या सासऱ्यानं नापास करून मग पास केलेली बोट म्हटल्यावर लोक डोळे झाकून बसतील."